हिमनदीतून निघालेल्या नदीचा आणि तिच्या किनारी पाणथळीचा नकाशा कसा काढावा : नागपुरातील नवशिक्यांसाठी

नदीचा नकाशा काढायचा म्हणजे दोन काठ आखायचे आणि मध्ये निळा रंग भरायचा, अशी समजूत घेऊन बहुतेक नवशिके या कामाकडे येतात. कन्हान किंवा वैनगंगेच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी चालून जाते, कारण त्या नद्यांना दरडी आहेत, काठावर गावे आणि घाट आहेत, आणि पावसाळ्यात पाणी कितीही चढले तरी दिवाळीनंतर नदी आपल्या ओळखीच्या पात्रात परत येते. हिमनदीच्या वितळत्या बर्फातून निघालेली, धरणे आणि बंधारे यांनी न अडवलेली नदी अशी वागत नाही. तिचे प्रवाह एका उन्हाळ्यातसुद्धा जागा बदलतात, काठ ठामपणे दाखवता येत नाही, आणि समुद्राजवळ जमीन कुठे संपली हे भरती-ओहोटीच्या घड्याळावर अवलंबून असते. अशा नदीचा नकाशा हा नेहमी एका विशिष्ट दिवसाचा नकाशा असतो. ही गोष्ट पहिली रेषा आखण्यापूर्वीच मनात पक्की बसवावी, म्हणून ती आरंभीच सांगितली.

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात घरी बसून भर घालू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरण म्हणून अलास्कातील कॉपर नदी घेतली आहे. नागपुरातून अलास्काची नदी आखायची कशाला, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर सरळ आहे : त्या भागात माणसे फार थोडी आहेत, उपग्रहाची चित्रे सर्वांना विनामूल्य मिळतात, आणि जो डोळा कन्हानच्या रेतीवर तयार झाला आहे तो थोड्या सरावाने तेथेही उपयोगी पडतो. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच असल्यामुळे या शहराला उपग्रहचित्रे वाचण्याची विद्या परकी नाही.

पहिली पायरी : नदीचा स्वभाव समजून घेणे

कॉपर नदी रँगेल पर्वतातील कॉपर हिमनदीतून निघते, आधी उत्तरेकडे जाते, मग पर्वताला वळसा घालून दक्षिणेकडे वळते आणि साडेचारशे किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापून कॉर्डोव्हा या गावाच्या पूर्वेस अलास्काच्या आखातास मिळते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ६२,००० चौरस किलोमीटर आहे आणि चिटिना ही तिची सर्वांत मोठी उपनदी. मुखाशी पसरलेला त्रिभुज प्रदेश आणि पाणथळ मिळून सुमारे २,८०० चौरस किलोमीटर भरतात, म्हणजे नागपूर जिल्ह्याच्या पाव भागाहून अधिक. उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरील सलग पाणथळींत ती सर्वांत मोठी गणली जाते. वसंतात लाखो चिखल्या पक्षी उत्तरेकडे जाताना येथील चिखलात उतरून पोट भरतात, आणि याच गढूळ प्रवाहांतून सॅमन मासे अंडी घालण्यासाठी वर चढतात. आपण ज्याला नकाशावर ‘चिखल’ म्हणणार आहोत ती या पक्ष्यांची पंगत आहे, हे ठाऊक असले की त्याची कड आखताना हात आपोआप सावध राहतो.

स्वभावातला मुख्य फरक पाण्याच्या वेळापत्रकाचा आहे. आपल्या नद्यांना पूर पावसाने येतो. या नदीला मुख्यतः उन्हाने येतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन तापले की बर्फ वितळते आणि पात्र भरते. हिवाळ्यात वितळणे थांबते, प्रवाह क्षीण होतो आणि पात्राचा मोठा भाग उघडा पडतो. हिमनदी खडक घासून जे पीठ तयार करते ते पाण्यात तरंगत राहते, त्यामुळे उन्हाळ्यातले पाणी राख कालवलेल्या ताकासारखे दिसते. शिवाय रेती आणि गोटे इतके वाहून येतात की नदीला ते सगळे पुढे नेणे झेपत नाही. ती ते पात्रातच टाकते, मग स्वतःच टाकलेल्या ढिगाला वळसा घालून दुसरी वाट काढते. म्हणून एका प्रवाहाऐवजी वेणीच्या पेडांसारखे गुंफलेले अनेक प्रवाह दिसतात. २०११ मध्ये कॉर्डोव्हाहून निघणाऱ्या कॉपर रिव्हर महामार्गावरील, ३६ व्या मैलाजवळचा एक पूल बंद करावा लागला, कारण पाण्याचा ओघ त्या पुलाखाली वळला आणि खांबांखालचा गाळ खरवडून निघाला.

दुसरी पायरी : साधने आणि प्रक्षेपण

क्यूजीआयएस ही नकाशे आणि उपग्रहचित्रे हाताळणारी संगणक-प्रणाली उतरवून घ्यावी. ती विनामूल्य आहे. तिची सुरुवात २००२ मध्ये अलास्कात राहणाऱ्या गॅरी शर्मन यांनी केली, हा एक सुखद योगायोग. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्यक्ष आखणी करण्यासाठी जेओएसएम हा संपादक वापरावा. ब्राउझरमध्ये चालणारा आयडी संपादक रस्ते आणि इमारतींना उत्तम आहे, परंतु शेकडो बेटे असलेल्या पात्राला तो अपुरा पडतो.

प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत. तिच्याकडे नवशिके दुर्लक्ष करतात आणि तेथेच फसतात. पडद्यावर दिसणारा नेहमीचा वेब मर्केटर नकाशा विषुववृत्तापासून दूर जावे तसा ताणत जातो. नागपूर २१ अंश अक्षांशावर असल्यामुळे येथे अंतरात सुमारे ७ टक्क्यांचीच वाढ दिसते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. कॉपर नदीचे मुख ६० अंशांच्या किंचित वर आहे. तेथे याच नकाशावर अंतर दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट भरते. म्हणजे पट्टी लावून १ किलोमीटर रुंद वाटलेला प्रवाह प्रत्यक्षात जेमतेम अर्धा किलोमीटर असतो. मोजमापासाठी यूटीएम हे पृथ्वीचे उभे पट्टे पाडणारे प्रक्षेपण वापरतात. नागपूरसाठी त्याचा ४४ वा पट्टा चालतो, नदीच्या मुखासाठी ६ वा. परंतु नदीचा वरचा भाग ७ व्या पट्ट्यात जात असल्यामुळे संपूर्ण नदीच्या मोजमापासाठी अलास्का अल्बर्स हे प्रक्षेपण घ्यावे, ज्याचा प्रक्षेपणांच्या यादीतील संकेतांक ईपीएसजी ३३३८ आहे.

तिसरी पायरी : चित्रे निवडणे

या कामातला निम्मा वेळ चित्रे निवडण्यात जावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संपादकात पार्श्वभूमी म्हणून मिळणारे बिंग किंवा एस्री यांचे चित्र सुंदर आणि बारकाव्यांचे असते, पण ती वेगवेगळ्या तारखांच्या तुकड्यांची गोधडी असते. एका तुकड्यात ऑगस्टचे भरलेले पात्र, शेजारच्यात सप्टेंबरअखेरचे कोरडे, आणि शिवणीवर प्रवाह अचानक तुटलेला, असे दृश्य तेथे वारंवार दिसते. ही चित्रे काठावरची झाडी आणि ओढे ओळखण्यासाठी वापरावीत, पाण्याची कड ठरवण्यासाठी नव्हे. गूगलच्या नकाशावरून काहीही उतरवू नये. ओपनस्ट्रीटमॅपच्या परवान्यात ते बसत नाही.

पाण्याची कड ठरवण्यासाठी तारीख ठाऊक असलेले चित्र लागते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे २०१५ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांच्या मुख्य पट्ट्यांत (पट्टा म्हणजे एकाच प्रकारच्या किरणांनी टिपलेले वेगळे चित्र) एका पिक्सेलची, म्हणजे चित्रातील सर्वांत लहान चौकोनाची, बाजू १० मीटर असते. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा साठा १९७२ पर्यंत मागे जातो, मात्र अलीकडच्या लँडसॅटचा पिक्सेलही ३० मीटरांचा असतो. लँडसॅट-७ च्या ३१ मे २००३ नंतरच्या चित्रांत यंत्रातील बिघाडामुळे काळ्या पट्ट्या आहेत. ती चित्रे आखणीस घेऊ नयेत.

हा किनारा अतिशय पावसाळी आहे, त्यामुळे ढगांविना चित्र मिळणे अवघड असते. चिकाटीने शोधावे, आणि किमान तीन वेगवेगळ्या वर्षांतील जुलै-ऑगस्टचे एकेक व सप्टेंबरअखेरचे एकेक असे चित्र जमवावे. शरद ऋतूत पाणी उतरल्यावर दरीतून वाहणारे वारे कोरडे हिमपीठ उडवून आखातावर नेतात आणि चित्रात करड्या धुळीचे पट्टे दिसतात. त्यांना ढग किंवा उथळ पाणी समजू नये.

प्रत्येक चित्रासोबत वैश्विक वेळ (यूटीसी, जगभर एकच धरली जाणारी वेळ) दिलेली असते. ती जशीच्या तशी लिहून ठेवावी. समजा वेळ २१:२० आहे. त्या वेळी अलास्कात उन्हाळ्यात दुपारचे १ वाजून २० मिनिटे झालेली असतात आणि नागपुरात दुसऱ्या दिवशीची पहाट, २ वाजून ५० मिनिटे. आपल्या तारखेने भरतीचे कोष्टक पाहिले तर एक पूर्ण दिवस चुकतो, आणि येथे एका दिवसात भरतीची वेळ पाऊण तासाहून अधिक पुढे सरकते.

चौथी पायरी : पाणी ओळखणे

पाणी शोधण्यासाठी बहुतेक जण मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये सुचवलेला निर्देशांक वापरतात. हिरव्या पट्ट्याच्या मूल्यातून निकट-अवरक्त (लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या) पट्ट्याचे मूल्य वजा करायचे आणि दोघांच्या बेरजेने भागायचे. उत्तर धन आले तर पाणी. स्वच्छ पाणी निकट-अवरक्त किरण शोषून घेते, या गुणधर्मावर तो उभा आहे. आपल्या तोतलाडोहच्या जलाशयावर तो नेमके काम करतो. कॉपर नदीवर मात्र तो तोकडा पडतो, कारण पाण्यातले हिमपीठ निकट-अवरक्त किरण परत फेकते आणि भर प्रवाह ओल्या रेतीसारखा दिसू लागतो. अशा वेळी निकट-अवरक्ताऐवजी लघुतरंग अवरक्त, म्हणजे लाल रंगापासून त्याहूनही दूरच्या किरणांचा, पट्टा घ्यावा. सेंटिनेल-२ मध्ये तो ११ क्रमांकाचा असून त्याचा पिक्सेल २० मीटरांचा आहे. हे किरण गढूळ पाणीसुद्धा शोषून घेते.

या सुधारित निर्देशांकालाही दोन खोड्या आहेत. पहिली, बर्फ आणि हिमनदी त्यात पाणी म्हणून येतात, कारण बर्फही लघुतरंग अवरक्त शोषतो. निकट-अवरक्त पट्ट्यात बर्फ लख्ख पांढरा दिसतो, गढूळ पाणी तितके उजळ कधीच नसते. तेवढ्यावरून दोन्ही वेगळे करावेत. दुसरी, नुकत्याच ओहोटीने उघडा पडलेला ओला चिखलही पाण्यासारखा दिसतो. त्याला निर्देशांकाने वेगळे करण्याचा हट्ट धरू नये. तेथे भरतीचे कोष्टकच कामी येते.

नवशिक्यांनी आधी कामठीजवळची कन्हान घेऊन सराव करावा. पेंच आणि कोलार यांचे पाणी घेऊन आलेल्या या पात्रात एप्रिलमध्ये रेतीची बेटे उघडी असतात. निर्देशांकाने काढलेली कड आणि पुलावर उभे राहून डोळ्यांनी पाहिलेली कड यांची तुलना एका रविवारी सकाळी करता येते. १० मीटरांच्या पिक्सेलात घोटाभर पाणी कसे हरवते आणि ओली रेती कशी पाणी होऊन बसते, हे तेथे एकदा पाहिले की अलास्काच्या चित्रातली शंकेची जागा लगेच ओळखू येते.

पाचवी पायरी : नदी आखणे

तीनही वर्षांच्या जुलै-ऑगस्टच्या पाण्याचे थर एकमेकांवर ठेवावेत. जेथे तिन्ही वर्षी पाणी आहे तो टिकाऊ प्रवाह. त्याचे क्षेत्र ‘वॉटर’ आणि ‘रिव्हर’ या टॅगांनी, म्हणजे आखलेली गोष्ट काय आहे हे सांगणाऱ्या चिठ्ठ्यांनी, आखावे. जेथे एकाच वर्षी पाणी आहे तेथे अलीकडचे चित्र प्रमाण मानावे आणि प्रवाह उन्हाळ्यापुरताच भरत असेल तर ‘इंटरमिटंट’ असे नोंदवावे. मुख्य प्रवाहाची मध्यरेषा नेहमी वाहण्याच्या दिशेने काढावी. बाजूच्या पेडांपैकी किमान दोन वर्षे टिकलेल्यांनाच स्वतंत्र रेषा द्यावी, नाहीतर नकाशा केसांच्या गुंत्यासारखा होतो आणि पुढच्या माणसाला तो दुरुस्त करता येत नाही.

बेटांच्या बाबतीत झाडी हीच कसोटी. ज्या बेटावर विलो किंवा आल्डरची झुडपे दाट झाली आहेत ते बेट पुरांतून टिकले आहे. त्याची कड निश्चिंत मनाने आखावी. उघड्या गोट्यांच्या बेटाला ‘शिंगल’ आणि बारीक रेतीच्या बेटाला ‘सँड’ हे टॅग द्यावेत, परंतु त्यांच्या कडेवर तासन्‌तास खर्च करू नयेत. आखताना नकाशाचे प्रमाण साधारण १:१०,००० ठेवावे. याहून जवळ गेलात तर पिक्सेलच्या पायऱ्या दिसू लागतात आणि हात त्या पायऱ्या गिरवू लागतो.

चित्र जागेवर बसले आहे की नाही हे तपासण्यासाठी हलणार नाही अशी खूण हवी. येथे ती मिलियन डॉलर पूल ही आहे. माइल्स आणि चाइल्ड्स या दोन हिमनद्यांच्या मधोमध १९१० मध्ये पुरा झालेला हा पोलादी रेल्वेपूल वेगवेगळ्या उपग्रहांच्या चित्रांत एकाच जागी दिसला पाहिजे. दिसला नाही तर चित्र सरकवावे. पुलाची रेषा सरकवू नये.

सहावी पायरी : किनारा आणि पाणथळ

हा सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये किनारा म्हणजे भरतीच्या उच्च पाण्याची रेषा, आणि ती अशी काढायची की चालण्याच्या दिशेत जमीन डावीकडे व समुद्र उजवीकडे राहील. दिशा उलटली तर जमीन बुडते किंवा समुद्र वाळतो. मी शिकत असताना ओहोटीचे एक अतिशय स्वच्छ चित्र मिळाले म्हणून हरखून गेलो आणि चिखलाच्या बाहेरच्या कडेने किनारा आखला. रेषा कित्येक किलोमीटर समुद्रात गेली. दुसऱ्या एका नकाशाकाराने भरतीच्या वेळेचे चित्र पाठवले तेव्हा मी ‘जमीन’ म्हणून दाखवलेल्या भागावर पाणी होते. चार संध्याकाळींचे काम पुसून पुन्हा करावे लागले. तेव्हापासून ज्याच्या वेळेची भरतीची पातळी लिहिलेली नाही असे चित्र मी किनाऱ्यासाठी उघडतच नाही.

कॉर्डोव्हा येथे दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण त्यांची उंची सारखी नसते. अमेरिकेच्या सागरी आणि वातावरणीय प्रशासनाची कोष्टके सर्वांना खुली आहेत. त्यांतील शून्य पातळी सरासरी समुद्रसपाटीची नसून नीच ओहोट्यांच्या सरासरीची असते, हे विसरू नये. एक चित्र उच्च भरतीच्या आसपासचे आणि एक नीच ओहोटीच्या आसपासचे निवडावे. पहिल्यातून किनाऱ्याची रेषा मिळते. दोन्हींच्या मधला पट्टा म्हणजे भरतीचा चिखल. त्याला ‘टायडलफ्लॅट’ हा टॅग द्यावा. समुद्राच्या बाजूला रेतीची लांबट बेटे रांगेने उभी आहेत. वादळात त्यांची टोके सरकतात, म्हणून ती सर्वांत नव्या चित्रावरूनच घ्यावीत.

किनाऱ्याच्या आत जमीन सपाट हिरवी दिसते आणि नवशिका तिला एकच ‘दलदल’ म्हणून मोकळा होतो. तसे करू नये. समुद्राजवळ, भरतीचे खारे पाणी पोहोचते तेथे लव्हाळ्याच्या जातीचे गवत असते. तो खारट पाणथळीचा पट्टा ‘सॉल्टमार्श’. त्यात भरतीचे पाणी आत-बाहेर करणारे नागमोडी नाले दिसतात, झाडाच्या फांद्यांसारखे. ते दिसले की ओळख पक्की. आत गेल्यावर नाले संपतात, गोड्या पाण्याची असंख्य तळी सुरू होतात, तो ‘मार्श’. त्याच्या कडेने विलोची झुडपे, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातली, आणि आल्डर दाटलेले असतात. तेथे ‘स्क्रब’ लिहावे. प्रत्येक तळे आखण्याचा मोह होतो. अर्ध्या हेक्टरहून मोठी तळी घ्यावीत आणि बाकीची पाणथळीच्या टॅगात सामावू द्यावीत.

हे पट्टे असे का आहेत, याचे उत्तर २७ मार्च १९६४ च्या भूकंपात आहे. ९.२ तीव्रतेच्या त्या धक्क्याने हा सगळा त्रिभुज प्रदेश दोन ते तीन मीटरांच्या घरात वर उचलला गेला. मिलियन डॉलर पुलाचा एक गाळा त्याच दिवशी खांबावरून घसरला. पूर्वी जेथे भरतीचे खारे पाणी येई त्या पाणथळी एकाएकी समुद्राच्या आवाक्याबाहेर गेल्या. त्यांत गोडे पाणी साठले आणि झुडपे शिरली. पूर्वी उघडा चिखल होता तेथे नवीन गवताळ पाणथळ तयार झाली. आपल्या झिरो माइलच्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच धरली जाते. येथे मात्र काही मिनिटांत जमिनीनेच आपली उंची बदलली. म्हणून १:६३,३६० प्रमाणाचे, इंचाला एक मैल दाखवणारे जुने अमेरिकी नकाशे वापरताना त्यांचे सर्वेक्षण १९६४ पूर्वीचे आहे की नंतरचे हे आधी पाहावे. पूर्वीचे असेल तर त्यातील नावे आणि डोंगर घ्यावेत, किनारा घेऊ नये.

सातवी पायरी : तपासणी आणि नोंद

जेओएसएममधील तपासनीस चालवून तुटलेला किनारा, एकमेकांना छेदणाऱ्या कडा आणि उघडे राहिलेले बहुभुज दुरुस्त करावेत. एका रेषेत २,००० पेक्षा अधिक बिंदू चालत नाहीत, म्हणून लांब कडा आधीच तोडून ‘रिलेशन’ने, म्हणजे तुकड्यांना एकच आकार म्हणून बांधणाऱ्या नोंदीने, जोडाव्यात. एका वेळी नदीचा १० ते १५ किलोमीटरांचाच तुकडा पाठवावा. सगळे एकदम पाठवले आणि दरम्यान दुसऱ्याने तेथेच काही बदलले, तर गुंता सोडवताना रात्र जाते. स्थानिक नावे बदलू नयेत. आह्तना आणि ईयाक लोकांची ही भूमी आहे, आणि इंग्रजी नकाशात दिसणारी कित्येक नावे त्यांच्याच भाषांतून आली आहेत.

बदलासोबतच्या टिपेत चित्र कोणत्या उपग्रहाचे, त्याची तारीख, वैश्विक वेळ, त्या वेळची कॉर्डोव्हाची भरतीची पातळी आणि कोणता निर्देशांक वापरला, एवढे लिहावे. दोन ओळींत हे मावते. पुढच्या वर्षी जून उलटला, नदीवरचे बर्फ फुटून गेले आणि पाणी पुन्हा करडे झाले की तोच तुकडा नव्या चित्रावर उघडावा, गेल्या वर्षीच्या टिपेतील पातळीच्या जवळची भरती असलेले चित्र शोधावे, आणि सरकलेल्या कडा तेवढ्या बदलून नवी तारीख घालावी.